तात्पुरत्या रस्त्याचे फोटो काढा

प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये दहा दिवस टोकियोत, भावाकडे निशि-कासाईला राहणार. सोबत एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि त्याच्यासोबतच मिळालेली १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स. शिबुया हा टोकियोचा गजबजलेला भाग सगळा उकरून नव्याने बांधतायत म्हणे, तो बदल रस्त्यावरच्या फोटोंतून दिसावा अशी इच्छा. मग नवी लेन्स घ्यावी का, लोक चिडतात का, कायद्याची अडचण येते का, आणि मुळात 'बदल' फोटोत पकडायचा तरी कसा?

शेवटून सुरुवात करतो. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

मी २००६ साली नोकरीनिमित्त इथे टोकियोत आलो. पहिली काही वर्षं सगळे करतात तेच केलं: वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या दुकानाच्या काचेतून शिबुयाचा तो प्रसिद्ध चौक, ओल्या रस्त्यावर पसरलेले निऑनचे रंग, पारदर्शक छत्री घेतलेली एकटी मुलगी. हे फोटो वाईट नसतात. फक्त ते २००६चे आहेत की २०१६चे, हे मला स्वतःला आज तारीख बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मग आली १५ मार्च २०१३ची रात्र. तोयोको लाइन या रेल्वेमार्गाचं शिबुयातलं जमिनीच्या वरचं स्टेशन त्या रात्री बंद होणार होतं. दुसऱ्या दिवसापासून गाड्या पाच मजले खाली, आन्दो तादाओ यांनी आखलेल्या भुयारी स्थानकात. शेवटची गाडी बघायला फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मीही घुसलो. घरी येऊन पाहतो तर दोनशेच्या वर फोटो, आणि जवळजवळ प्रत्येकात वर केलेले हात आणि हातांत कॅमेरे. गाडी कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी पुन्हा गेलो, काही विशेष ठरवून नव्हे. जिन्याच्या तोंडाशी शटर पडलेलं. तिथे तासभर उभा राहिलो. लोक भराभर येत, सवयीने वळत आणि शटरच्या दोन पावलं अलीकडे थबकत. स्टेशन खाली गेलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पायांना कोणी सांगितलं नव्हतं. एक गृहस्थ पासाचं कार्ड हातात धरून तसेच उभे राहिले, मग स्वतःशीच हसले आणि मागे फिरले. त्या स्टेशनचा म्हणून दाखवावा असा तो एकच फोटो माझ्याकडे आहे. त्यात स्टेशन नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: जुनं शोधू नका, नवंही शोधू नका. मधलं शोधा. जे सहा महिन्यांसाठी, दोन वर्षांसाठी, 'काम चालू आहे तोपर्यंत' म्हणून उभं केलंय, त्याचे फोटो काढा.

शिबुयात हे मधलं इतकं का आहे ते आधी समजून घ्या. गावाच्या नावातलं 'या' म्हणजे दरी, आणि ही जागा खरोखरच खोलगट बशीसारखी आहे. तळाशी स्टेशन, चारी बाजूंनी चढ. नदीसुद्धा आहे, पण तिचा बराचसा भाग काँक्रीटखाली झाकलेला. गिन्झा लाइन ही भुयारी रेल्वे इथे येते ती थेट तिसऱ्या मजल्यावर, कारण ती आपली सरळ येते, जमीनच खाली जाते. अशा जागेत अनेक रेल्वेमार्ग एकमेकांवर रचलेले, आणि ते बंद न करता सगळं पाडून बांधायचं. धावत्या गाडीचं चाक बदलावं तसं. २०१२ मध्ये हिकारिए ही उंच इमारत उभी राहिली, २०१८ मध्ये शिबुया स्ट्रीम ही दुसरी, २०१९च्या नोव्हेंबरात ४७ मजली स्क्रॅम्बल स्क्वेअरचा पूर्वेचा मनोरा. त्या वर्षअखेरीस गिन्झा लाइनचा शिबुयाकडचा भाग सहा दिवस बंद ठेवून फलाट सुमारे १३० मीटर पूर्वेला सरकवला आणि ३ जानेवारी २०२० पासून नव्या जागी गाड्या. त्याच वर्षी ३१ मार्चला स्टेशनला चिकटलेलं, १९३४ पासूनचं तोक्यू या रेल्वे कंपनीचं मोठं दुकान बंद झालं. ते पाडून त्या जागी मधला आणि पश्चिमेचा मनोरा यायचाय. तो बेत मूळच्या तारखेवरून २०३१ पर्यंत ढकललाय, आणि सगळं आवरायला २०३४ उजाडणार. म्हणजे तुम्ही जाल तेव्हाही मधलंच चालू असेल. दुर्मीळ काही गाठायची घाई नको.

हे मधलं दिसतं कसं? पांढऱ्या पत्र्यांच्या भिंती, त्यांच्यामधून काढलेली अरुंद वाट, वाटेच्या वळणावर हेल्मेट घातलेला, हातात लाल दिव्याची कांडी घेतलेला वयस्कर माणूस, आणि त्याच्या मागे बाण. मागच्या महिन्यात डावीकडे असलेला बाण या महिन्यात उजवीकडे. पत्र्यात मध्येच पारदर्शक खिडकी ठेवलेली असते, आत खड्डा बघायला शाळकरी पोरं आणि निवृत्त आजोबा नाक लावून उभे असतात. गिरगावात मेट्रोचे पत्रे लागले तेव्हा आपण त्यांना शिव्या घातल्या, फोटो फार कोणी काढले नाहीत. मीसुद्धा नाही, आणि त्याची आता हळहळ वाटते.

या तात्पुरत्याकडे गंभीरपणे बघायची सवय जपानात जुनी आहे. १९२३च्या भूकंपानंतर कोन वाजिरो या वास्तुतज्ज्ञाने जळून गेलेल्या टोकियोत लोकांनी पत्रे-फळकुटं जोडून उभारलेल्या खोपटांची चित्रं काढली. १९२५ मध्ये तो गिन्झाच्या फुटपाथवर उभा राहून किती बायका किमोनोत, किती पाश्चात्त्य कपड्यांत, कोणाच्या पायात काय, याची मोजदाद करत होता. आणि अगदी अलीकडचं उदाहरण सातो शुएत्सु यांचं. ते सुरक्षारक्षक. शिन्जुकू स्टेशनात काम चालू असताना प्रवासी वाट चुकत, म्हणून त्यांनी रंगीत चिकटपट्टीचे तुकडे कापून भिंतीवर मोठमोठी अक्षरं जुळवली. कोपरे गोल केलेली, लांबून वाचता येणारी. काम संपलं की ती खरवडून काढली जायची. आज त्या वळणाला त्यांच्याच नावाने ओळखतात. अशी चिकटपट्टीची पाटी दिसली तर थांबा. पुढच्या वेळी ती नसेल.

आता हत्यार कोणतं ते, कारण त्यातच पैसे वाया जातात. नवी लेन्स घेऊ नका. किट लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद दिसणाऱ्या टोकाला लावा, झूमच्या रिंगवर कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि दहा दिवस तो काढू नका. अ‍ॅपर्चर एफ-८, दोन मीटरवरच्या वस्तूवर एकदा फोकस करून मग मॅन्युअलवर टाका. या जुळणीत साधारण एक मीटरपासून पुढचं जवळजवळ सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. उन्हात शटर १/५०० सेकंदावर, बोगद्यांत आणि फलाटांवर १/२५०पर्यंत खाली आणा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत मोकळा सोडा. दाणे येतील, येऊ देत. दोन मीटर म्हणजे किती, हे घरीच फरशा मोजून अंगवळणी पाडा. इथे कितीतरी जण खिशात मावणारा रिको जीआर कॅमेरा घेऊन फिरतात (त्याची २८ मिमी म्हणजे तुमच्या लेन्सवरच्या १८ इतकीच रुंद नजर), आणि त्याचं कारण हेच: तो फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवू देतो. तेच काम तुमची किट लेन्स फुकटात करते.

एक विनंती. फोटो काळेपांढरे, खरखरीत, तिरके करायचा मोह होईल. छायाचित्रकार मोरियामा दाइदो आणि त्यांच्या सोबत्यांची ती धाटणी १९६८-६९च्या अस्वस्थ जपानातून आली. ज्या नियतकालिकामुळे ती गाजली त्याचे अंक निघाले फक्त तीन. आज ती मोबाइलच्या फिल्टरात मिळते. बदल दाखवायचा असेल तर रंग हवेतच. पत्र्यांचा पांढरा, हेल्मेटचा पिवळा, नव्या इमारतीच्या काचेचा निळसरपणा, यांतूनच तर वर्ष कळतं.

मुख्य काम आता सांगतो. जपानीत त्याला 'तेइतेन कान्सोकु' म्हणतात, ठरलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा केलेली नोंद. शब्द हवामानखात्याचा वाटतो, पण शिबुयात एका मोठ्या दुकानाच्या संशोधन विभागाने १९८० पासून रस्त्यावरच्या तरुणांच्या कपड्यांची नोंद याच नावाने ठेवली आहे. तुमच्याकडे दहाच दिवस आहेत, तरी चालेल. तीन जागा निवडा, त्यांतल्या एकीवर रोज जा. सकाळी आठला, दुपारी, आणि पावणेसहाच्या सुमारास, कारण मार्चच्या मध्यावर तेव्हाच सूर्य मावळतो. दहा दिवसांत इमारत बदलणार नाही. पण बाण हलेल, एखादा पत्रा निघेल, आणि लोकांची वाट वाकलेली दिसेल.

जागा अचूक पकडायची एक युक्ती आहे. फक्त 'पुलाच्या मधोमध' असं लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी दोन हात इकडेतिकडे होणारच. त्याऐवजी चौकटीत एक जवळची आणि एक लांबची उभी रेघ निवडा. समजा सिग्नलचा खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा. खांबाची उजवी कड कोपऱ्याला जेमतेम शिवते आहे, अशी जागा शोधा. आता तुम्ही अर्धं पाऊल डावीकडे सरकलात तरी दोघांत फट पडेल. अशा दोन जोड्या, एक चौकटीच्या डावीकडे, एक उजवीकडे, जुळल्या की तुम्ही पुन्हा त्याच बिंदूवर आलात. कॅमेरा नेहमी डोळ्याच्या उंचीवर. आधीचा फोटो मोबाइलवर उघडून ठेवा. वहीत तारीख, वेळ, आणि कोणती कड कशाला शिवते ते लिहा.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. स्टेशनच्या पूर्वेला, महामार्ग २४६वरून जाणारा पादचारी पूल होता. त्याच्या एका पायरीवर मी २०११ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उभा राहायचो. कठड्यावरचा रंगाचा पोपडा हीच माझी खूण. मोठ्या ऐटीत मित्रांना सांगायचो की सगळं शिबुया हललं तरी माझी जागा पक्की. एका रविवारी गेलो तर ती पायरी नाही. पूलच तुकड्यातुकड्याने पाडून नवा करायला घेतला होता. जवळची खूण पुलावरचीच, त्यामुळे ती पुलासकट गेली, आणि सात-आठ वर्षांच्या मालिकेचा बिंदू पुन्हा सापडेना. शेवटी जुने फोटो पसरून, हिकारिएचा कोपरा आणि पलीकडच्या खांबांची जुळणी लावत नव्या पुलावर एक जागा काढली. हातभर चुकलीय, मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, ज्यावर उभे आहात त्याच्यावरची खूण कधी घेऊ नका.

तुम्ही मार्चमध्ये येताय हे उत्तमच. इथलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे बंद व्हायच्या गोष्टी बऱ्याचदा मार्चमध्येच बंद होतात. वर दिलेल्या तारखा पाहा, तोयोकोचं स्टेशन मार्च, तोक्यूचं दुकान मार्च. गल्ल्यांतून फिरताना बंद शटरवर हाताने लिहिलेला कागद शोधा. 'इतकी वर्षं आभारी आहोत' या अर्थाच्या दोन ओळी, खाली दुकानाचं नाव. कधी त्याच्याखाली गिऱ्हाइकांनी पेनाने उत्तरं लिहिलेली असतात. फोटो जवळून घ्या आणि एक लांबून, शटर आणि रस्ता दिसेल असा.

दुसरी वस्तू त्याहून उपयोगी. एखाद्या भूखंडावर मोठं बांधकाम व्हायचं असेल तर आधी तिथे पांढरा फलक लागतो: 'केन्चिकु केइकाकु नो ओशिरासे', बांधकाम योजनेची सूचना. इमारत कशासाठी, मजले किती, उंची किती, काम सुरू कधी, संपणार कधी, सगळं त्यावर. मोबाइलच्या भाषांतराने वाचता येतं. या फलकांवरून काय जाणार हे तुम्हाला आधी कळतं. नाही तर आपण सगळे गेल्यावरच फोटो काढायला धावतो. मी फलक दिसला की पहिला फोटो फलकाचा काढतो, दुसरा त्याच्यामागे आज जे उभं आहे त्याचा. वाळत घातलेले टॉवेल, सायकली, कुंड्या.

आणि काही गोष्टी सगळ्यांच्या नजरेतून सुटून मागे राहतात. १९७२ मध्ये आकासेगावा गेन्पेइ या कलावंताला योत्सुया भागात एक जिना दिसला. वर चढतो, खाली उतरतो, पण वर दारच नाही. तरी कठडा मात्र दुरुस्त केलेला! अशा निरुपयोगी, पण जपून ठेवलेल्या गोष्टींना त्याने पुढे 'थॉमसन' नाव दिलं. टोकियोच्या बेसबॉल संघाने भरपूर पैसे मोजून आणलेला हा अमेरिकी खेळाडू, बॅट फिरवायचा झोकात, चेंडूला काही लागायची नाही. आयपीएलमध्ये कोट्यवधींना घेतलेल्या आणि शून्यावर परतणाऱ्या कोणाचंही नाव तुम्ही मनात घालू शकता. शिबुयाच्या आसपास असे थॉमसन भरपूर सापडतात: भिंतीत बुजवलेलं दार, त्याच्यावरची छपरी शाबूत.

आता माणसं आणि कायदा. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला बंदी नाही. पण 'शोझोकेन' म्हणजे स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क न्यायालयांनी मानलेला आहे. त्याचा वेगळा कायदा नाही, तो निकालांतून घडला. १९६९ साली विद्यार्थ्यांच्या मोर्चाचे पोलिसांनी काढलेले फोटो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की संमतीविना आपला चेहरा टिपला जाऊ नये हे माणसाचं स्वातंत्र्य आहे. त्या खटल्यातले फोटो मात्र वैध ठरले. २००५ मध्ये टोकियोतल्या न्यायालयात गिन्झाचं एक प्रकरण आलं: रस्त्याने चाललेल्या बाईचा पूर्ण आकाराचा फोटो, ती ओळखू येईल असा, न विचारता संकेतस्थळावर टाकलेला. तिला भरपाई मिळाली. यातून मी घेतलेला धडा असा की अडचण शटर दाबण्यात कमी, आणि एकट्या माणसाला निवडून, तो ओळखू येईल असा, जगापुढे मांडण्यात जास्त. गर्दीतला चेहरा वेगळा, चौकट भरून टाकणारा चेहरा वेगळा. लहान मुलं आणि शाळेचे गणवेश यांच्यापासून चार हात लांब. जिन्यावर किंवा सरकत्या जिन्यावर कॅमेरा खालून वर रोखू नका. २०२३ पासून चोरून काढलेल्या अश्लील फोटोंसाठी स्वतंत्र गुन्हा आहे आणि लोक सावध आहेत. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलचा शटरचा आवाज बंद होत नाही, तोही याच भीतीपोटी.

२०२० मध्ये एका कॅमेरा कंपनीने जाहिरातीसाठी एका छायाचित्रकाराची फीत काढली. तो शिबुयात लोकांच्या तोंडासमोर अचानक कॅमेरा आणून पुढे सटकायचा. इतकी टीका झाली की कंपनीला ती फीत मागे घ्यावी लागली. तेव्हापासून रस्त्यावर कॅमेरा पाहून आक्रसणारे खांदे मला जास्त दिसतात. तुम्हाला कोणी दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरून दाखवले तर अर्थ एकच, नको. नोनबेइ योकोचो या दारूच्या गुत्त्यांच्या चिंचोळ्या गल्लीत मला एका आजींनी अशी फुली दाखवली. मी 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हणून मान झुकवली, स्क्रीन दाखवून फोटो पुसला. त्यांनी मला आत बोलावून एक बीअर पाजली आणि वर सांगितलं, "गल्लीचा काढ, माझा नको. मी आज केस विंचरले नाहीत." दरवेळी असं होत नाही. एका तरुणाने पोलीस बोलावले होते, चौकीत अर्धा तास गेला. कॅमेऱ्यातले फोटो स्वतःहून दाखवले, प्रकरण मिटलं. पासपोर्ट जवळ ठेवा.

त्याच गल्लीच्या शेजारी मियाशिता पार्क आहे. आज छपरावर हिरवळ, खाली दुकानं, सगळं मिळून तीनशे मीटरच्या वर लांब, २०२० मध्ये उघडलेलं. त्याआधी तिथे मोटारतळाच्या छतावरची मरगळलेली बाग होती आणि निळ्या ताडपत्रीत राहणारी बेघर माणसं. त्यांना हलवलं गेलं, त्यावर आंदोलनंही झाली. माझ्याकडे तेव्हाचे फोटो आहेत. ताडपत्र्यांचे आणि ओळीने ठेवलेल्या चपलांचे मी दाखवतो, चेहऱ्यांचे दाखवत नाही. कोणालाच विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ते तिथे नाहीत.

प्रकाशाबद्दल एकच गोष्ट, कारण ती मला फार उशिरा लक्षात आली. नव्या मनोऱ्यांच्या काचांवरून ऊन उलटून खाली येतं. ज्या गल्ल्यांत दुपारनंतर सावली ठरलेली असायची, तिथे आता चारच्या सुमारास भलत्याच दिशेने उजेडाचे चौकोन पडतात, आणि माणसांना दोन-दोन सावल्या. हाही बदलच.

निशि-कासाईहून तोझाई लाइनने निहोम्बाशीला या, तिथून गिन्झा लाइन. तिसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या कमानींच्या छताखाली उतराल. बाहेर पडून दक्षिणेला २४६वरच्या नव्या पुलावर जा, उत्तरेकडे तोंड करा. खाली मेइजी-दोरी हा रस्ता, उजवीकडे हिकारिए, डावीकडे स्क्रॅम्बल स्क्वेअर, मधून आडवं जाणारं तेच पांढरं छत. सिग्नलच्या खांबाची उजवी कड हिकारिएच्या डाव्या कोपऱ्याला लावा. ती माझी हातभर चुकलेली जागा. पहिल्या रविवारी सकाळी आठला तिथे मीच असेन, तेवढा एक दिवस सोडून बाकीचे नऊ तुमचे.